पॉवर ग्रिड खेळताना या चुका टाळा

साताऱ्यातील आमच्या चौघांच्या रविवारच्या बैठकीत गेल्या पावसाळ्यात पॉवर ग्रिडचा एक डाव असा संपला, की त्याची आजही हळहळ वाटते. लिलावात वीजकेंद्रे घ्यायची, त्यांना इंधन पुरवायचे आणि शहरे जोडून त्यांना वीज द्यायची, असा हा पटावरचा खेळ. चौघांच्या डावात कोणीही १७ शहरे जोडली की ती फेरी शेवटची ठरते. मित्राने पटावर सतरावे लाकडी घर, म्हणजे जोडलेल्या शहराची खूण, ठेवले, तेव्हा त्याची तीन वीजकेंद्रेही बरोबर १७ शहरांना पुरणारी होती : ३१ क्रमांकाचे सहा शहरांना, ३६ क्रमांकाचे सात शहरांना आणि ३३ क्रमांकाचे पवनऊर्जेचे चार शहरांना. यांपैकी कोळशाच्या दोन्ही केंद्रांना प्रत्येकी तीन ठोकळे लागतात आणि त्याच्यापाशी कोळशाचे तपकिरी ठोकळे होते पाचच. केंद्र अर्धवट चालवता येत नाही. एका ठोकळ्यापायी सहा शहरे अंधारात राहिली आणि १७ घरांचा धनी ११ शहरांवर अडकून, १४ शहरांना वीज देणाऱ्याकडून हरला.

फ्रीडेमान फ्रीझे यांच्या २००४ मधील या खेळात सर्वांत जास्त घात करणारी चूक हीच आहे. विजय घरांच्या संख्येवर नव्हे, तर अखेरच्या फेरीत प्रत्यक्ष वीज पोहोचलेल्या शहरांवर ठरतो. आमच्या सातारा जिल्ह्यातील कोयना जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे; परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घालून दिलेली असल्यामुळे ही जनित्रे बारा महिने चोवीस तास पूर्ण भाराने फिरवता येत नाहीत आणि मागणी चढते त्या वेळेसाठी पाणी राखून ठेवावे लागते. पटावरही क्षमता आणि पुरवठा यांत असेच अंतर असते. प्रत्येक केंद्रावर गरजेच्या दुप्पट इंधन साठवता येते, त्यामुळे शेवट जवळ आल्याची चाहूल लागताच एक फेरी आधीच साठा भरून ठेवावा.

दुसरी चूक पुढे पळण्याची. ज्याची शहरे जास्त, तो क्रमाने पहिला. मात्र इंधनखरेदी आणि शहरजोडणी उलट्या क्रमाने होते. म्हणजे आघाडीवरच्या खेळाडूला महागलेले इंधन आणि इतरांनी निवडून उरलेली शहरे मिळतात. शिवाय उत्पन्नातील वाढही उतरती आहे : पहिल्या शहराने मिळकत १० वरून २२ इलेक्ट्रोवर (हे खेळातले चलन) जाते, सतराव्याने केवळ १३८ वरून १४२ वर. म्हणून मधल्या फेऱ्यांत एखादे शहर हातचे राखून दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर राहणे, हे माझ्या मते भित्रेपणाचे नव्हे, तर हिशेबाचे लक्षण आहे.

लिलावात केवळ केंद्राचा क्रमांक मोठा म्हणून बोली चढवू नये. शेजारी तिघेही कोळसाच जाळत असतील, तर कचऱ्यावर चालणारे मध्यम केंद्रही जास्त स्वस्त पडते.

काही वेळा खेळणाऱ्यांचे काही चुकलेले नसते, तरीही डाव रखडतो. केंद्रांचा बाजार साचून राहिला आणि नवी केंद्रे येईनाशी झाली, तर खेळाच्या पहिल्या दोन टप्प्यांत प्रत्येक फेरीच्या अखेरीस बाजारातील सर्वांत मोठ्या क्रमांकाचे केंद्र गड्डीच्या तळाशी ठेवून त्याजागी नवे उघडायचे राहून गेले आहे का, हे पाहावे. इंधन अकारण महागत गेले, तर फेरीच्या अखेरीसच बाजारात घालायची इंधनाची भर विसरलेली असते. आणि पहिल्याच फेरीत कोणावर अन्याय झाल्यासारखे वाटले, तर सुरुवातीला चिठ्ठ्यांनी ठरलेला क्रम लिलावानंतर केंद्रांच्या क्रमांकांनुसार पुन्हा लावला होता का, हे तपासावे. आमच्या बैठकीत हा नियम कित्येक डाव कोणाच्या लक्षातच आला नव्हता.