भयपटातला ताण का ओसरतो? या चुका टाळा

भयपट किंवा थरारपट करू पाहणाऱ्यांच्या हातून होणारी मूळ चूक म्हणजे दचकवणे आणि ताण वाढवणे या दोन गोष्टी एकच मानणे. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावला होता: बॉम्बची कल्पनाच नसेल, तर स्फोटाचा धक्का काही क्षणच टिकतो, मात्र तो प्रेक्षकाला आधी दाखवला, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात. म्हणून प्रसंग सपाट वाटत असेल, तर पात्राला ठाऊक नसलेले असे प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, हे आधी पाहावे. उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर दोष बहुधा पटकथेत असतो आणि तो संकलनात झाकता येत नाही. अर्थात, ताणलेल्या प्रेक्षकाची सुटकाही करावी लागते. ‘सॅबोटाज’ (१९३६) मध्ये बॉम्ब नेणाऱ्या मुलाचा स्फोटात बळी घेतला, ही आपली चूक होती, असे खुद्द हिचकॉक यांनीच पुढे मान्य केले.

दुसरी चूक पार्श्वसंगीताची. ‘जॉज’ (१९७५) च्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्याने दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना पाणी, शार्कला जोडलेली तरंगती पिवळी पिंपे आणि जॉन विल्यम्स यांची दोन सुरांची धून यांवर भागवावे लागले, हे सर्वज्ञात आहे. कमी बोलले जाते ते असे की, मुले शार्कचा पुठ्ठ्याचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ती धून वाजतच नाही. त्यामुळे धून वाजली की शार्क खरोखर आहे, असा प्रेक्षकाचा विश्वास बसतो. जिथे तिथे भीतीचे संगीत पेरणारे दिग्दर्शक नेमका हाच विश्वास गमावतात.

‘कॅट पीपल’ (१९४२) मध्ये रात्री एकटी चालणारी स्त्री, दिव्यांच्या खांबांखालचे उजेडाचे तुकडे, टाचांचा आवाज आणि मागची पावले अचानक थांबणे, एवढ्यावर ताण चढत जातो, संगीताविना. आणि मग बसच्या ब्रेकचा फूत्कार येतो. नक्कल करणारे बसचा तो दचका तेवढा उचलतात, आधीचे चालणे वगळतात.

अंधार करतानाही उजेडाची एखादी जागा राखावी. संपूर्ण काळ्या पडद्यावर शोधायला काही उरत नाही. दृश्ये भराभर बदलण्यापूर्वी खोलीतले दार, जिना आणि पात्र यांतील अंतर एका रुंद दृश्यात दाखवावे, कारण ते कळल्याशिवाय धोका किती जवळ आला, हे प्रेक्षकाला समजणार नाही.