बडोद्यातून सिस्टिम्स बायोलॉजीत यायचंय? आधी हिशेब शिका

आपल्या दांडिया बाजारात बऱ्याच घरांत कुणी ना कुणी रिफायनरीत नाहीतर फर्टिलायझरमधे, त्यामुळे इंधन, केमिकल्स म्हटलं की कोयलीची धुरांडीच डोळ्यासमोर येतात. यातलं बरंच काही बॅक्टेरियाकडून करून घेता येतं हे मला एमएस युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री करताना कळलं आणि तेव्हापासून याच फील्डमधे, म्हणजे पेशीतल्या सगळ्या रिअॅक्शन्स एकत्र बघणाऱ्या सिस्टिम्स बायोलॉजीत आहे. सुरुवात कुठून करू असं ज्युनिअर्स विचारतात, म्हणून लिहितोय.

बहुतेकजण क्लोनिंगपासून सुरू करतात, जीन टाकला की प्रॉडक्ट येणारच असं वाटतं. पण पेशीला तुमच्या प्रॉडक्टशी काही देणंघेणं नाही, तिला वाढायचंय. म्हणून पिपेट हातात घ्यायच्या आधी कागद घ्या, हे माझं ठाम मत.

आयसोब्युटेनॉलचंच बघा, इंधन म्हणून चालणारं अल्कोहोल. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ७४ ग्रॅम, म्हणजे ४१ टक्के, त्यापुढे कितीही जीन टाका. २००८ मधे यूसीएलएत जेम्स लियाओंच्या ग्रुपने ई. कोलाय या बॅक्टेरियाचा व्हॅलिन हे अमिनो अॅसिड बनवायचा रस्ता वळवून ते बनवलं. पण ग्लायकोलिसिसमधून, म्हणजे ग्लुकोज फोडताना, मिळतो एनएडीएच आणि या रस्त्यावरच्या एन्झाइम्सना हवा असतो एनएडीपीएच (दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू, पण वेगळे), ऑक्सिजन असेल तर पेशी कसंबसं निभावते, बंद केला की गाडी अडते. २०११ मधे कॅलटेकला फ्रान्सिस अरनॉल्ड यांच्या ग्रुपने ती एन्झाइम्सच बदलून एनएडीएचवर चालवली आणि ऑक्सिजनशिवाय थिअरेटिकल यील्ड गाठलं! मला आजही हे काम या फील्डमधलं सगळ्यात सुंदर वाटतं.

अख्ख्या पेशीचा हिशेब मात्र हाताने होत नाही. ई. कोलायच्या २०१७ च्या आयएमएल१५१५ या कॉम्प्युटर मॉडेलमधे १५१५ जीन्स आणि २७०० च्या वर रिअॅक्शन्स आहेत. तिथे फ्लक्स बॅलन्स अॅनालिसिस लागतं, म्हणजे कुठली रिअॅक्शन किती वेगाने चालते याचा हिशेब, बारावीचं लिनिअर प्रोग्रॅमिंगच, फक्त व्हेरिएबल्स हजारो. पायथन शिका, त्यातलं हा हिशेब करणारं कोब्रापाय पॅकेज फुकट आहे. एमएस्सीसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा, पुढे गेट, ते तुम्हाला माहीतच असेल.

आणि वेट लॅब, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग, सोडू नका. ब्युटेनॉलने पेशीचं मेम्ब्रेन बिघडतं हे असलं मॉडेल सांगत नाही, ते फर्मेंटरपाशी उभं राहूनच कळतं.

आज रात्रीच कोब्रापाय टाका, त्यात ई. कोलायचं ९५ रिअॅक्शन्सचं छोटं मॉडेल येतं. ग्लुकोज घ्यायचा वेग १० ठेवा, वाढीचा वेग तासाला ०.८७ च्या आसपास येईल. मग ऑक्सिजन शून्य करा, तो ०.२१ वर येतो आणि अॅसिटेट, फॉर्मेट, इथेनॉल बाहेर पडायला लागतं. का पडतं ते एनएडीएच मोजून स्वतः शोधा आणि तेवढं जमलं की सरांकडे-मॅडमकडे प्रोजेक्ट मागायला जा.