उल्केचा सेक्शन पहिल्यांदा एसईएममध्ये घालताना

नवीन लोकांना माझं पहिलं सांगणं हेच, की मशीनवर बसल्या बसल्या झूम करत सुटू नका. आधी साध्या मायक्रोस्कोपखाली सेक्शन, म्हणजे उल्केचा घासून गुळगुळीत केलेला काप, नीट बघा, मग एसईएमवर (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) कमी मॅग्निफिकेशनला अख्ख्या सेक्शनचा बीएसई मोझेक, म्हणजे नमुन्यावरून परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनच्या प्रतिमा जोडून केलेलं एक चित्र, काढा, वेळ गेला तरी जाऊ दे. बीएसईत सरासरी अणुक्रमांक जितका जास्त तितकं उजळ दिसतं, म्हणजे लोह-निकेल धातू पांढराशुभ्र, ट्रॉइलाइट (लोहाचं सल्फाइड) त्याच्या खालोखाल, ऑलिव्हिन (मॅग्नेशियम-लोहाचं सिलिकेट खनिज) करडं आणि इपॉक्सी (नमुना बसवायचा राळेसारखा डिंक) भरलेल्या भेगा काळ्या. हे डोळ्यात बसलं की अर्धं काम झालं.

मी शिकले ते आयेंदेवर, 1969 साली मेक्सिकोत पडलेली उल्का. तिच्या कॉन्ड्रूलमधला (वितळून थिजलेल्या बारीक गोळीतला) ऑलिव्हिनचा एकच दाणा घ्या, मधे गडद आणि कडेला उजळ पट्टा, कारण आतला भाग मॅग्नेशियमचा आणि कडेला नंतर मूळ लघुग्रहावर लोह शिरलेलं. तो पट्टा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी कितीतरी वेळ स्क्रीनसमोरून उठलेच नाही. त्याच सेक्शनमध्ये जे पांढरट सीएआय (कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमने भरलेले तुकडे) असतात ते साधारण 456.7 कोटी वर्षांपूर्वीचे, सूर्यमालेत तयार झालेले सगळ्यात जुने घन पदार्थ, हे वाचलेलं वेगळं आणि समोर बघणं वेगळं.

आता माझी चूक, कारण ती बरेच जण करतात. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कॉन्ड्रूलच्या मधल्या बारीक भुकटीत, ईडीएसला (एक्स-रे वरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एसईएमच्या जोडयंत्राला) सिलिकॉन आणि कार्बनचा दाणा मिळाला आणि मला वाटलं सूर्याच्याही आधीचा सिलिकॉन कार्बाइड सापडला! दोन दिवस झोप नाही. मग सरांनी विचारलं, ग्राइंडिंगला काय वापरलंस? सिलिकॉन कार्बाइडचाच घासायचा पेपर, म्हणजे दाणा त्यातूनच आलेला. दाणा धारदार होता, भेगेत अडकलेला होता आणि चांगला मोठा होता, सूर्याआधीचे खरे दाणे बहुतेक मायक्रॉनच्या आतबाहेर असतात आणि समस्थानिकं मोजल्याशिवाय खात्री होतच नाही.

ईडीएसच्या ऑटो लेबलवरही भरवसा नको, लोहाची के-बीटा ही एक्स-रे रेषा कोबाल्टच्या के-आल्फा रेषेला जवळजवळ चिकटून असते त्यामुळे धातूत नसलेलं कोबाल्ट दिसतं, आकडे हवे असतील तर इलेक्ट्रॉन प्रोबवर डब्ल्यूडीएस (एक्स-रे रेषा जास्त बारकाईने वेगळ्या करणारं मोजमाप) करा. आणि सीआय नावाच्या कार्बनयुक्त प्रकारच्या उल्का पाण्याने पॉलिश करू नका, त्यातले सल्फेट विरघळून जातात, पाणी नसलेलं अल्कोहोल किंवा तेल वापरा आणि काय वापरलं ते सेक्शनच्या डबीवरच लिहून ठेवा, मी आता तसंच करते.