फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या नोंदी करताना या चुका टाळा

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पायथ्याशी रुईच्या झुडपावर काढलेला फुलपाखराचा एक फोटो मी दोन वर्षं ‘प्लेन टायगर’ या नावाने ठेवला होता. नारिंगी पंख, पुढच्या पंखाच्या काळ्या टोकावर पांढरा पट्टा आणि खाली रुई, त्यामुळे शंका आलीच नाही. एकदा तोच फोटो मोठा करून मागचा पंख नीट पाहिला. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. इथे मधला भाग कोरा होता, फक्त वरच्या कडेला एकच काळा डाग होता. ती डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराची मादी निघाली.

प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते आणि चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायच्या अंगात असं विष नसतं. तिची मादी प्लेन टायगरचं रूप घेते आणि पक्ष्यांपासून वाचते. नर मात्र अगदी वेगळा, काळा, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे ठिपके असलेला. शिवाय एगफ्लायची अळी घोळीवर वाढते. म्हणजे रुईनेच मला चकवलं होतं. तेव्हापासून झाडाच्या नावापुढे मी आणखी एक गोष्ट लिहितो: फुलपाखरू तिथे मध पीत होतं, अंडी घालत होतं, की नुसतं ऊन खात बसलं होतं. एवढं नसेल तर झाडाच्या नावाचा उपयोग थोडाच.

अशीच गफलत कॉमन मॉर्मनच्या मादीबाबत होते. तिचं एक रूप कॉमन रोजसारखं दिसतं, दुसरं क्रिमझन रोजसारखं. अशा वेळी पंख सोडा, धड पाहा. दोन्ही ‘रोज’ फुलपाखरांचं धड लाल असतं, मॉर्मनचं काळं.

एकच फोटो, तोही वरून

पंख उघडे असताना फोटो सुंदर येतो, म्हणून आपण तेवढ्यावर थांबतो. पण ओळख बहुतेकदा खालच्या बाजूला दडलेली असते. बांधावर भिरभिरणारी छोटी पिवळी फुलपाखरं घ्या. त्यांना सरसकट ‘कॉमन ग्रास यलो’ म्हणून मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाजवळच्या भागात बारीक खुणा असतात. कॉमनमध्ये साधारण दोन, थ्री-स्पॉटमध्ये तीन. पंख मिटलेला, बाजूने घेतलेला फोटो नसेल तर हे कळायला मार्ग नाही. मग नोंदीत ‘ग्रास यलो, जात नक्की नाही’ एवढंच लिहा. खोट्या खात्रीपेक्षा अशी अर्धवट नोंद पुढे जास्त कामाला येते.

ऋतूही फसवतो. इगतपुरीकडे भातखाचरांच्या कडेला संध्याकाळी उडणारं कॉमन इव्हनिंग ब्राऊन पावसाळ्यात पंखाखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके मिरवतं. उन्हाळ्यात हे डोळे जवळपास नाहीसे होतात आणि ते हुबेहूब वाळक्या पानासारखं दिसतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर नवखा माणूस दोन जाती मोजतो. म्हणून तारीख हवीच.

ठिकाण: नुसतं ‘नाशिक’ नको

त्र्यंबक-इगतपुरीचा धो धो पाऊस आणि सिन्नर-येवल्याचं कोरडं माळरान एकाच जिल्ह्यात आहेत. दोन्हींवर ‘नाशिक’ लिहिलं की नोंदीतला जीवच जातो. गावाचं नावही पुरत नाही. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब, यातलं कोणतं? गाव, तालुका, आणि ओढा, बांध की पडीक रान, हे तिन्ही लिहा.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या साध्या फोटोत जागा आणि काढल्याची वेळ सहसा उरत नाही. मित्राकडून फोटो घ्यायचा तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर घरी येऊन नोंद चढवत असाल तर नकाशावरची खूण नक्की पाहा, ती घरावर तर पडली नाही ना. डोंगरात रेंज नसताना अचूकतेचं वर्तुळ, म्हणजे जागा किती नेमकी आहे हे नकाशावर दाखवणारा गोल, फार मोठं झालेलं असतं, तेही हाताने लहान करा.

शेतातलं फुलपाखरू कोणी लिहीतच नाही

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. सटाण्याकडच्या एका डाळिंबाच्या बागेत शेतकरीदादांनी भोक पडलेलं फळ हातात दिलं. म्हणाले, “ही अळी बघा, पार पोखरून टाकते.” मी म्हटलं, “दादा, याचंच पुढे फुलपाखरू होतं.” त्यांनी ते फळ परत घेऊन पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. ही ड्यूडोरिक्स आयसोक्रेटिस या फुलपाखराची अळी. पेरूतही सापडते. कीड म्हणून तिच्याबद्दल खूप लिहिलं जातं, पण फुलपाखरांच्या यादीत ती क्वचितच दिसते. तसंच कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीसारख्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, अडकलेल्या पतंगांचं. सापळा कोणत्या किडीचा, किती दिवसांचा, किती पतंग, एवढं लिहून घेतलं तरी मोलाची नोंद होते.

रात्रीचे पतंग

पौर्णिमेच्या आसपास पांढरा पडदा आणि त्यावर दिवा लावून बसलात तर पतंग कमीच येतील. अमावास्येच्या जवळची, ढगाळ, वारा नसलेली रात्र निवडा. पिवळ्या बल्बखाली रंग बदलतात, म्हणून फोटोला फ्लॅश वापरा आणि पतंगाशेजारी मोजपट्टी ठेवा. पडदा सकाळपर्यंत लावून ठेवू नका, उजाडताच कोतवाल आणि बुलबुल तिथे हजर होतात. पहाटेआधी दिवा बंद करा आणि पतंग हळूच झुडपात झटका. पतंग असो की फुलपाखरू, पकडून डबीत भरण्याचा मोह टाळाच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक फुलपाखरांना संरक्षण दिलेलं आहे.

जुन्या नोंदीत चूक सापडली तर ती पुसू नका. नाव दुरुस्त करा आणि शेजारी कारण लिहा. अंजनेरीच्या त्या फोटोखाली आता असं लिहिलेलं आहे: ‘मागच्या पंखाच्या मधोमध ठिपके नाहीत. डॅनाइड एगफ्लाय, मादी. रुईवर नुसती बसलेली.’