गच्चीवर टोमॅटो-वांगी लावताय? आधी बॅगेचे लिटर मोजा

मृग लागून पंधरवडा होत आला, नर्सऱ्यांमध्ये टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं आलीत आणि जो तो एकच विचारतोय, व्हरायटी कुठली घेऊ. व्हरायटी घ्या हो कुठलीही, वांग्याची मांजरी गोटा घ्या नाहीतर मिरचीची फुले ज्योती घ्या, पण ते रोप कशात लावणार हे आधी ठरवा, कारण शेतात मुळं पाहिजे तिथं जातात, गच्चीवर मात्र आपण देऊ तेवढीच जागा त्यांना मिळते आणि झाड तेवढ्यातच आपला संसार आटोपतं.

मी पहिल्या वर्षी सगळं ९ इंची ग्रो-बॅगेत, म्हणजे रोपं लावायच्या पिशवीत लावलं होतं. दुकानदार म्हणाला मिरची-वांग्याला भरपूर होते, स्वस्तही होती, घेतली. फक्त एक वांगं माती उरली म्हणून १५ इंची बॅगेत गेलं. श्रावणापर्यंत दोन्हीकडची झाडं सारखीच दिसत होती, खरंच काही फरक नव्हता, पण नंतर ९ इंचीवाली तिथंच थांबली, फुलं यायची आणि गळायची, खालची पानं पिवळी पडत गेली, मी खत टाकतेय, फवारतेय, काही उपयोग नाही. आणि ते एक वांगं दिवाळीनंतरही तोडतेय. शेवटी एक छोटी बॅग फाडून बघितली तर आत माती दिसेचना, नुसती मुळंच मुळं, बॅगेच्या कडेकडेनं गोल गोल फिरून डोक्यावरच्या चुंबळीसारखी घट्ट वळलेली, आणि पांढरी मुळी, जी खरं अन्न-पाणी ओढते, ती शोधून शोधून चार धागे सापडली. खत टाकून काय होणार होतं तिथं!

म्हणून सांगते, बॅग इंचावर नाही, लिटरवर विकत घ्या. ९ बाय ९ ची, म्हणजे ९ इंच रुंद आणि ९ इंच उंच गोल बॅग वरून दीड-दोन इंच सोडून भरली की जेमतेम ८ लिटर माती बसते, १२ बाय १२ मध्ये १८-१९ लिटर, आणि १५ बाय १५ मध्ये ३७ च्या आसपास. म्हणजे ऐकायला ३ इंचच वाढतात पण माती दर वेळी दुप्पट होते! मोठी बॅग म्हणजे किती फायदा याचा हिशोबही झालेला आहे, २०१२ साली जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कुंडीच्या आकारावरचे वेगवेगळे ६५ प्रयोग एकत्र करून बघितले तर कुंडी दुप्पट केली की झाडाची एकूण वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त निघाली. दुप्पट नाही, ४३ टक्के, हे लक्षात ठेवा, कारण माती, पैसा आणि वजन मात्र पूर्ण दुप्पट होतं.

माझा अनुभव असा की मिरचीला १२ इंची पुरते, भेंडीलाही. बुटका टोमॅटो १२ इंचीत होतो पण काठीवर चढणारा, वाढतच राहणारा टोमॅटो आणि वांगं यांना १५ इंचीच द्या, कंजुषी करू नका. दुधी-दोडक्याला १८ इंची. मेथी-कोथिंबिरीला खोली नको, पसरट ट्रे चालतो. नवीन बॅग घ्यायचीच असं काही नाही, रंगाची २० लिटरची बादली किंवा तेलाचा १५ किलोचा डबा मिरचीला मस्त, फक्त आतून नीट साफ करा आणि तळाला चार-सहा भोकं पाडा, एक भोक पावसात पुरत नाही.

आता वजन. हे मनावर घ्याच. १५ इंची बॅगेत नुसती शेताची माती भरली आणि ती पावसात चिंब भिजली की ६० किलोच्या घरात जाते. वापरातल्या गच्चीचा भार आपल्याकडे साधारण चौरस मीटरला १५० किलो धरलेला असतो, त्यामुळे अशा बॅगा मधोमध खेटून मांडू नका, बीमवर किंवा भिंतीच्या कडेनं अंतर सोडून ठेवा, आणि इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. मिश्रण हलकं करा, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), गांडूळखत, कुजलेला पालापाचोळा आणि माती तिसरा हिस्साच, वर दोन मुठी निंबोळी पेंड.

मोठी बॅग चांगली म्हणून इवलंसं रोप थेट त्यात ढकलू नका, निदान पावसाळ्यात तरी नको. एवढ्याशा मुळांना एवढं पाणी ओढवत नाही, माती आठवडाभर ओलीच राहते आणि रोप बुडाशी सडतं. आधी दुधाच्या पिशवीत वाढवा, दोन-तीन आठवड्यांनी पिशवी कापल्यावर मातीचा गोळा न फुटता हातात आला आणि कडेला पांढरी मुळी दिसली की मग मोठ्या बॅगेत न्या. मुळं गोल फिरायला लागलेली असतील तर बोटांनी हलकेच मोकळी करा. कापडी बॅगेत हा त्रास कमी, मूळ कडेला येऊन हवेत सुकतं आणि मागे नवीन फाटे फुटतात, पण कापडी बॅग उन्हात लवकर वाळते.

अजून एक, तळाला विटांचे तुकडे, खडी यांचा जाड थर देतात तो देऊ नका. निचरा होतो असं वाटतं पण पाणी मातीतून खडीत सहज उतरत नाही, तळाला साचणारा ओलावा उलट वर मुळांपाशी सरकतो आणि तीन इंच माती वाया जाते ती वेगळीच. भोकावर एक खापरी ठेवा, बास. कुंडी जितकी उथळ तितका हा ओलावा झाडाला जास्त जाचतो.

ज्यांच्याकडे छोट्याच बॅगा आहेत त्यांनी फेकू नका, पण दर दहा-बारा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या कारण पावसात खत वाहून जातं आणि छोट्या बॅगेत साठा तो किती. ऑक्टोबरच्या उन्हात त्यांना दिवसातून दोनदा पाणी लागेल, एक दिवस चुकलात आणि दुसऱ्या दिवशी बदाबदा ओतलंत की टोमॅटोचं बूड काळं पडतं. ती कीड नाही, पाणी कमीजास्त झाल्यानं फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, तेव्हा औषध मारू नका, पाण्याची वेळ सांभाळा.

गणपतीपर्यंत बॅगेतलं मिश्रण तीन-चार बोटं खाली बसलेलं असेल, तेव्हा वरून नवीन भर घाला. टोमॅटोला खोडापाशी चांगली उंच द्या, त्याला खोडातून नवी मुळं फुटतात. वांग्या-मिरचीला मात्र बोटभरच आणि खोडाला चिकटवू नका.