रॅम ६०००ची, चालतेय ४८००वर

जळगावात भाच्यासाठी व्हिडिओ एडिटिंगचा पीसी जोडला. रायझेन ७६०० प्रोसेसर, त्याला एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड. म्हणजे डीडीआर५ पिढीच्या रॅमला पर्याय नाही. आधीच्या डीडीआर४ची खाचच वेगळ्या जागी, ती बसतच नाही. दुकानदार ३२ जीबीची एकच स्टिक गळ्यात मारत होता. मी १६-१६ची जोडी घेतली, एकाच पाकिटातली, ड्युअल चॅनलसाठी, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी डेटा पुरवतात. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवली. रॅम ६००० वेगाची, विंडोजचा टास्क मॅनेजर मात्र ४८००च दाखवत होता. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सोय) चालू केलं, आणि स्क्रीन काळी!

"मामा, बंद पडी गयं का हाई?"

म्हटलं, थांब, मेमरी ट्रेनिंग चाललंय, बोर्ड नव्या वेगाशी रॅम जुळवून घेतोय, बटणाला हात लावू नको. चहा होईस्तोवर विंडोज आली, ६०००वर. रंगीत दिव्यांची रॅम घेतली नाही. ते पैसे एसएसडीत घातले.