सजीवांची लक्षणं लिहिताना या चुका टाळा

पोषण, श्वसन, वाढ, हालचाल, चेतनाक्षमता, उत्सर्जन, प्रजनन आणि पेशीमय रचना ही यादी बहुतेक मुलांना तोंडपाठ असते. गोची होते ती उदाहरण समोर आल्यावर.

मुख्य चूक म्हणजे एकाच लक्षणावर निकाल देणं. ‘हलतं ते सजीव’ म्हटलं, तर कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा नदीही सजीव ठरेल. ‘वाढतं ते सजीव’ म्हटलं, तर खडीसाखरही. पाकात खडा मोठा होतो, पण तो बाहेरून साखरेचे थर चढून. उसाचं पेर वाढतं ते आतल्या पेशींचं विभाजन होऊन आणि त्या लांबून. उलट बाजूनंही फसायला होतं. खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, म्हणून ते काय निर्जीव? आणि ‘झाडं हलत नाहीत’ हे तर लिहूच नका. लाजाळूला बोट लावून बघा, पानं मिटतात. जागा सोडून जाणं वेगळं, हालचाल वेगळी.

श्वसनात तर हमखास घोळ होतो. ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो. श्वसन मात्र चोवीस तास चालू असतं. पटत नसेल तर पेरणीच्या दिवसांत मोड आणायला भिजवून पोत्यात बांधलेल्या भाताच्या बियाण्यात हात घाला. आतून ऊब लागते, ती श्वसनातून सुटलेल्या ऊर्जेची. तेच बी कणगीत कोरडं पडलेलं असताना निर्जीव वाटतं, पण त्याचं श्वसन तेव्हाही अगदी मंद चाललेलं असतं. त्याला सुप्तावस्था म्हणा.

मृत आणि निर्जीव यांची गल्लत करू नका. दाराची सागवानी चौकट मृत आहे, उंबऱ्याचा दगड निर्जीव.

विषाणूवर थोडं थांबू, कारण निपाणी भागातल्या मुलांना हे उदाहरण घरचं आहे. तंबाखूच्या पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे पडतात, तो मोझॅक रोग विषाणूमुळे होतो. १९३५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्ली यांनी त्या विषाणूचे स्फटिक मिळवले. मिठासारखे स्फटिक, तरीही रोग पसरवणारे! या विषाणूला पेशी नाही, स्वतःचं श्वसन नाही. वाळलेल्या पानात तो वर्षानुवर्षं टिकतो; विडी-तंबाखू हाताळलेल्या हातांनी रोपं लावली तर त्यांनाही लागण होऊ शकते. पण त्याच्या प्रती तयार होतात त्या फक्त जिवंत पेशीत.

म्हणून ‘विषाणू सजीव की निर्जीव?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ नका. पेशीबाहेर निर्जीवासारखा, पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती काढून घेणारा, अशा दोन्ही बाजू कारणांसह लिहा.